डोस ॲप सांगेल, पाणी कोण मोजणार?

तरण तलावात कोणते औषध किती टाकायचे, हे सांगणारी ॲप आता कोणत्याही मोबाइलवर उतरवता येतात. तलावाची लांबी, रुंदी आणि खोली भरायची. पाण्यात आज क्लोरीन किती आहे आणि किती हवा, ते लिहायचे. हाताशी असलेल्या औषधाचे नाव निवडायचे. पाच सेकंदांत पडद्यावर आकडा येतो, इतके ग्रॅम टाका. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये किंवा रायगड पाहायला येणाऱ्यांसाठी बांधलेल्या शेतघरात पूल सांभाळणाऱ्या माणसाची यामुळे मोठी सोय होते. रसायनशास्त्र शिकलेला माणूस ठेवणे प्रत्येक मालकाला परवडत नाही. ॲप मात्र फुकट असते.

हेच गणित पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या डोंगरवाडीवर, विहिरीच्या काठाशी टीसीएल पावडरची बादली घेऊन उभ्या असलेल्या जलसुरक्षकालाही रोज सोडवावे लागते. पूल असो की पिण्याची विहीर, जंतू मारणारा पदार्थ क्लोरीनच आणि हिशेबाचे सूत्रही एकच. फरक इतकाच की पुलाचा हिशेब चुकला तर शनिवार-रविवारी आलेल्या पाहुण्यांचे डोळे चुरचुरतात किंवा पोट बिघडते. विहिरीचा हिशेब चुकला तर अख्ख्या वाडीत जुलाब किंवा कावीळ पसरू शकते. म्हणून डोस काढणाऱ्या सॉफ्टवेअरचे स्वागत करतानाच एक प्रश्न विचारायला हवा. ॲप गुणाकार-भागाकार अचूक करते, पण त्यात भरलेले आकडे आले कुठून?

गणित सोपे, म्हणूनच फसवे

आधी गणित पाहू. एक हजार लिटर पाण्यात एक ग्रॅम क्लोरीन मिसळला की त्याचे प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅम होते. यालाच बोलीत एक पीपीएम म्हणतात. आता १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा पूल घेऊ. त्यात ७५ हजार लिटर पाणी मावते. क्लोरीन २ पीपीएमने वाढवायचा असेल तर १५० ग्रॅम क्लोरीन लागेल. मात्र बाजारात शुद्ध क्लोरीन डब्यात मिळत नाही. ३३ टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर वापरली तर सुमारे ४५५ ग्रॅम लागेल. ६५ टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर २३० ग्रॅम आणि ९० टक्क्यांचे ट्रायक्लोर असेल तर १६७ ग्रॅम पुरेल. १० टक्क्यांचे द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट असेल तर साधारण दीड लिटर लागेल.

एकाच पुलाची आणि एकाच उद्दिष्टाची ही चार वेगळी मापे आहेत. हे तोंडी करताना कोणाचीही चूक होऊ शकते. दशांश चिन्ह एक घर सरकले की डोस दहापट होतो किंवा एक दशांशावर येतो. ही चूक सॉफ्टवेअर करत नाही, आणि हा फायदा लहान नाही. ‘इतकी वर्षे अंदाजाने टाकतोय, काही झाले नाही’ असे म्हणणाऱ्याने हे चार आकडे एकदा समोर मांडून पाहावेत.

पण ॲपची मर्यादाही याच हिशेबात दिसते. पुलाची सरासरी खोली खरोखर दीड मीटर होती का? पावडरमध्ये खरोखर ३३ टक्के क्लोरीन शिल्लक होता का? आणि टाकलेल्या १५० ग्रॅमपैकी पाण्यातल्या घाणीने किती खाल्ला? या तीन प्रश्नांची उत्तरे ॲपला ठाऊक नसतात. माणूस जे भरतो, ते ते खरे मानते.

पहिला आकडा: पाणी किती?

पुलाचे माप निदान बदलत नाही. तरीही तिथे एक खाचखळगा आहे. अनेक लोकप्रिय ॲप अमेरिकेत बनलेली असल्याने ती पाणी गॅलनमध्ये मोजतात. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, तर ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असतो. जुन्या कागदपत्रात टाकीची क्षमता गॅलनमध्ये लिहिलेली असेल आणि तोच आकडा ॲपमध्ये भरला, तर सगळा हिशेब जवळपास वीस टक्क्यांनी चुकतो. शक्य असेल तिथे ॲपची मापे आधी लिटरवर आणावीत.

विहिरीचे तसे नाही. महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात पाऊस धो धो पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत याच भागातल्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. विहिरीतले पाणी वर्षभर वर-खाली होत राहते. चार मीटर व्यासाची विहीर घेऊ. मे महिन्यात तळाला एक मीटर पाणी असेल तर ते सुमारे १२ हजार ५०० लिटर भरते. हिवाळ्यात तीन मीटर पाणी असेल तर ३७ हजार ७०० लिटर होते. भर पावसात पाणी सहा मीटरवर आले की ७५ हजार लिटरच्या पुढे जाते. वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवला जाणारा ढोबळ नियम असा की हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर टाकावी. त्यानुसार मे महिन्यात ३१ ग्रॅम, हिवाळ्यात ९४ ग्रॅम आणि पावसाळ्यात १८८ ग्रॅम पावडर लागेल. विहीर तीच, पण डोस सहापट बदलला.

विहिरीच्या भिंतीवर ‘क्षमता अमुक लिटर’ असे एकदाच रंगवून ठेवलेले असते आणि वर्षभर तोच आकडा वापरला जातो. तोच आकडा मोबाइलमध्ये गेला की चूक फक्त कागदावरून पडद्यावर येते. उपाय साधा आहे. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडायचा, दोरी किती ओली झाली ते टेपने मोजायचे. व्यास मोजताना विहिरीवर वाकणे धोक्याचे वाटत असेल तर आतल्या कडेचा घेर मोजून त्याला ३.१४ ने भागायचे. व्यासातली चूक हिशेबात वर्गाने वाढते. तीन मीटरची विहीर साडेतीन मीटरची धरली तर पाणी ३६ टक्क्यांनी जास्त भरते.

दुसरा आकडा: पावडर किती जिवंत?

ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. ऊन, हवा आणि ओल लागली की तो उडून जातो. कोकणात जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा भरलेला असतो, आणि नेमकी पावडरची सर्वाधिक गरज त्याच चार महिन्यांत असते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलेली, तोंड उघडे राहिलेली गोणी ऑगस्टपर्यंत अर्धी मेलेली असू शकते. दिसायला ती पांढरीच असते आणि तिला वासही येतो. प्रयोगशाळेत तपासणी झाली तरच तिची खरी ताकद कळते.

समजा तिची ताकद ३३ ऐवजी २० टक्क्यांवर आली. आधीच्या उदाहरणातल्या १८८ ग्रॅमच्या जागी आता ३१० ग्रॅम टाकावी लागेल. ॲपमध्ये मात्र यादीतून ‘ब्लीचिंग पावडर’ निवडली की ३३ किंवा ३५ हा आकडा आपोआप येतो आणि तो बदलता येतो हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. पूल सांभाळणाऱ्यांबाबतही हेच घडते. द्रवरूप हायपोक्लोराइटचे कॅन उन्हात पडून राहिले की त्याची ताकद आठवड्यागणिक घटते, पण कॅनवरच्या लेबलवर १० किंवा १२ टक्के तसेच छापलेले राहते.

तिसरा आकडा: पाणी स्वतः किती खाते?

हा सर्वांत महत्त्वाचा आकडा आणि तो बहुतेक ॲप विचारतच नाहीत. क्लोरीन पाण्यात पडला की आधी चिखल, पालापाचोळा, शेवाळ, घाम, लघवी, लोह अशा सगळ्यांवर खर्च होतो. हा खर्च भागल्यावर जो उरतो तो मोकळा, म्हणजे शिल्लक क्लोरीन. जंतूंपासून खरे संरक्षण तोच देतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार हा शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा किमान ०.५ मिलिग्रॅम असावा. मानक शिल्लक क्लोरीन मोजायला सांगते. टाकलेल्या पावडरीचे वजन त्याची जागा घेऊ शकत नाही.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच्या एका साध्या पेटीला कळली होती. ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर विल्यम हॉरॉक्स यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पेटी पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्याच्या पाणगाड्यांसाठी वापरात आली. भारतातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना ती आजही शिकवली जाते. तिच्यात सहा पांढरे कप असतात. वापरायची तीच ब्लीचिंग पावडर घेऊन तिचे द्रावण करायचे. सहा कपांत विहिरीचेच पाणी भरायचे. पहिल्यात द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहाव्यापर्यंत टाकायचे. अर्धा तास थांबून प्रत्येक कपात दर्शक टाकायचा. ज्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग उमटतो, त्याचा क्रमांक गुणिले दोन ग्रॅम हा ४५५ लिटर पाण्याचा डोस.

या पेटीत पावडरची ताकद कोणाला ठाऊक असावी लागत नाही, कारण चाचणी त्याच पावडरने होते. पाणी किती गढूळ आहे याचा अंदाज बांधावा लागत नाही, कारण कपात तेच पाणी असते. समजा जुलैतल्या गढूळ पाण्यात तिसऱ्या कपात निळा रंग आला. मग ४५५ लिटरला सहा ग्रॅम, म्हणजे ७५ हजार लिटरच्या त्या विहिरीला जवळपास एक किलो पावडर हवी. ढोबळ नियमाने काढलेला आकडा होता १८८ ग्रॅम. ॲपने तो नियम कितीही अचूक सोडवला तरी त्या दिवशी विहीर निर्जंतुक झाली नसती.

पुरानंतर हा फरक आणखी वाढतो. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी नद्यांच्या पुराने महाड शहराचे तळमजले बुडवले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. अशा वेळी ज्या विहिरीत पुराचे पाणी शिरते, तिच्यातली घाण कालच्या मापात बसत नाही. गाळ उपसल्याशिवाय तिथे क्लोरीन टाकणे बहुतांशी वायाच जाते. तो गाळावर खर्च होतो आणि जंतूंपर्यंत पोहोचतच नाही.

वॉकर्टनचा धडा

मोजमाप टाळले की काय होते, याचे उदाहरण कॅनडातले आहे. ऑन्टारिओ प्रांतातल्या वॉकर्टन या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावाला विहिरींचे पाणी मिळत असे. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला. शेतातले गुरांचे शेण वाहून एका उथळ विहिरीत पोहोचले. पाण्यातला शिल्लक क्लोरीन रोज मोजणे अपेक्षित होते, पण तो मोजला जात नव्हता. नोंदवहीत ०.५ किंवा ०.७५ असे ठरावीक आकडे लिहून ठेवले जात. सात जणांचा मृत्यू झाला आणि २,३०० हून अधिक लोक आजारी पडले. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीत हे सगळे बाहेर आले. त्या विहिरीतला शिल्लक क्लोरीन रोज मोजला असता तर साथ बरीचशी टळली असती, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

वॉकर्टन हे श्रीमंत देशातले गाव होते. तिथे क्लोरीनही होता आणि डोस देणारे यंत्रही. रोज एक नमुना घेऊन रंग पाहण्याचे काम तेवढे होत नव्हते. पाऊस, उथळ विहीर, वरच्या अंगाला गुरे आणि नोंदवहीत रोज सारखाच आकडा, हे चित्र सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांना परके वाटण्याचे कारण नाही.

पुलातले आणखी दोन सापळे

पुलाच्या बाबतीत मोजमापात आणखी दोन गोष्टी येतात. पहिली म्हणजे पाण्याचा पीएच. क्लोरीनचे जंतू मारणारे रूप म्हणजे हायपोक्लोरस आम्ल. पीएच ७.२ असेल तर मोकळ्या क्लोरीनचा सुमारे दोन तृतीयांश भाग या रूपात असतो, ७.५ ला जवळपास निम्मा, आणि ८ ला जेमतेम एक चतुर्थांश. म्हणजे क्लोरीनचे वाचन दोन्ही दिवशी सारखेच आले तरी पीएच वाढलेल्या दिवशी संरक्षण बरेच कमी असते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेने क्लोरीन वापरणाऱ्या पुलांसाठी पीएच ७.२ ते ७.८ दरम्यान ठेवायला सांगितले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पांढऱ्या गोळ्या. पाण्यात तरंगणाऱ्या डब्यात ठेवल्या जाणाऱ्या ट्रायक्लोरच्या गोळ्या क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्लही सोडतात. हे आम्ल क्लोरीनला उन्हापासून वाचवते, म्हणून थोडे असणे चांगले. पण गोळ्यांनी क्लोरीन १० पीपीएमने वाढला की हे आम्ल सुमारे ६ पीपीएमने वाढते. क्लोरीन खर्च होतो, आम्ल मात्र साचत राहते. ते फार वाढले की क्लोरीनचे काम मंदावते. मग मोकळा क्लोरीन पुरेसा दिसतो आणि तरी पाणी हिरवे पडू लागते. पाणी बदलणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय, आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या पुलाचा मालक तेच टाळतो. त्यामुळे गोळ्या वापरणाऱ्यांनी ॲपमध्ये या आम्लाची मोजलेली नोंद भरली पाहिजे. अमेरिकेतल्या रोग नियंत्रण केंद्राची शिफारसही हा फरक करते. पुलात किमान १ पीपीएम मोकळा क्लोरीन असावा आणि हे आम्ल वापरले जात असेल तर किमान २ पीपीएम असावा.

‘क्लोरीनचा वास येतोय, म्हणजे पाणी स्वच्छ’ हा समजही सोडायला हवा. पुलावर नाकाला झोंबणारा वास बहुधा मोकळ्या क्लोरीनचा नसतो. तो क्लोरीनशी घाम आणि लघवी मिळून बनलेल्या क्लोरामाइनचा असतो. डोळे लाल होण्यामागेही बहुतेक तेच असते. ज्या पुलाला असा वास येतो, तिथे क्लोरीन बहुधा कमी पडत असतो. खेड्यात वापरली जाणारी पिवळ्या रंगाची ओटी चाचणी मोकळा आणि बांधला गेलेला क्लोरीन नीट वेगळा दाखवत नाही. पुलासाठी गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी घ्यावी. त्यातही क्लोरीन खूपच जास्त झाला तर रंग उडून वाचन शून्य दिसू शकते. ॲपने अशा ‘शून्या’वर आणखी डोस सांगितला तर प्रकरण धोकादायक होईल. संशय आला तर नमुन्यात स्वच्छ पाणी मिसळून पुन्हा तपासावे.

एक इशारा कोणतेही ॲप ठळकपणे देत नसेल तर मालकाने तो साठवणीच्या खोलीवर लिहून लावावा. ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट ट्रायक्लोरमध्ये मिसळले तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. आम्लात मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. एकासाठी वापरलेला चमचा दुसऱ्यासाठी वापरू नये.

आक्षेप आणि त्यांचे वजन

यावर काही आक्षेप येतील. पहिला अनुभवी माणसांचा. वीस वर्षे विहिरीत पावडर टाकणाऱ्याला मुठीचा अंदाज असतो, त्याला मोबाइल कशाला? हा अनुभव खोटा नाही. पाणी आणि पावडर नेहमीसारखे असेल तोवर मुठीचा अंदाज बहुतेक बरोबर येतो. पण पावसाची पहिली सर, पुराचा दिवस, जुनी गोणी, नवी गोणी अशा वेळी तो चुकतो. साथी पसरतात त्या याच दिवसांत.

दुसरा आक्षेप असा की शंका असेल तर जास्तच टाकावे, कमी पडायला नको. वरवर हे शहाणपणाचे वाटते. पण पाण्याला औषधाचा उग्र वास आला की वाडीतले लोक ते पाणी भांडी घासायला ठेवतात आणि प्यायला डोंगराच्या कुशीतल्या झऱ्यावर जातात. झऱ्यात क्लोरीन नसतो. जास्त डोसने लोक उपचार न केलेल्या पाण्याकडे ढकलले जात असतील तर तो डोस आरोग्याच्या कामाचा नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि मनुष्यबळाचा. इथे पाया आधीच घातलेला आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना पाण्याच्या जोखमीनुसार लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड देण्याची पद्धत रुजलेली आहे. शिवाय महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांत रोज पीएच मोजणारी आणि डोसिंग पंप लावणारी माणसे याच गावांतून कामाला जातात. कौशल्य तालुक्यात आहे, ते वसाहतीच्या कुंपणाबाहेर आणण्याची गरज आहे. एक मर्यादा मात्र इथेच स्पष्ट करावी. क्लोरीन जंतू मारतो. पाण्यात विरघळलेली औद्योगिक रसायने तो काढत नाही. तशी शंका असेल तिथे डोसचा हिशेब करून उपयोग नाही, पाणी प्रयोगशाळेतच पाठवावे लागते.

सॉफ्टवेअर कसे हवे?

यावरून ॲप काढून टाकावे असा अर्थ होत नाही. ते आपल्या पाण्यासाठी नीट बनवावे. महाड-पोलादपूरच्या जलसुरक्षकाला उपयोगी पडेल असे ॲप बनवणे अवघड नाही. ते मराठीत असावे आणि लिटर व ग्रॅममध्येच बोलावे. विहिरीचा घेर आणि त्या दिवशीची पाण्याची खोली त्याने दरवेळी नव्याने विचारावी, कालचा आकडा आपोआप भरू नये. पावडरच्या शेवटच्या तपासणीची तारीख आणि टक्केवारी त्याने मागावी. तपासणी जुनी असेल तर तसे बजावावे. रेंज नसलेल्या वाडीवरही ते चालावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोस सांगून त्याने काम संपले असे समजू नये. तासाभराने शिल्लक क्लोरीनचे वाचन मागावे आणि ते भरल्याशिवाय त्या दिवसाची नोंद पूर्ण धरू नये. चार-पाच पावसाळ्यांच्या अशा नोंदी जमल्या तर कोणती विहीर कोणत्या महिन्यात किती क्लोरीन खाते, हे गावालाच कळेल.

पूलमालकांसाठीही तोच नियम हवा. पूल उघडण्याआधी आणि गर्दीच्या दिवशी दर काही तासांनी मोकळा क्लोरीन आणि पीएच तपासून ते आकडे वेळेसह पुलाशेजारच्या फळ्यावर लिहावेत. पाहुण्यांनीही खोलीचे भाडे विचारताना तो फळा बघायला मागावा. फळा नसेल तर मुलांना पाण्यात सोडण्याआधी दोनदा विचार करावा.

पाणी उघडपणे मोजण्याची ही मागणी महाडमध्ये व्हावी याला एक अर्थ आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सनातनी मंडळींनी तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून आणि पंचगव्य ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. पाण्याला त्या विधीत कोणी काही विचारले नव्हते. पाणी शुद्ध की अशुद्ध, हे पिणाऱ्याच्या जातीवरून ठरवले गेले होते. तळे सर्वांना खुले असल्याचा न्यायालयीन निकाल मिळायला १९३७ साल उजाडले. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क हे त्या लढ्याने मिळवले. ते पाणी आज पिण्याजोगे आहे का, हे आकड्यात कळण्याचा हक्क त्याच्याच पुढचा आहे. तो वाडीवरच्या शेवटच्या घरालाही मिळायला हवा.

त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. एक टेप, दगड बांधलेली दोरी, तपासणीचा संच, वही आणि विहिरीजवळ एक फळा एवढे पुरेसे आहे. हे सगळे असेल तर मोबाइलमधले ॲप कामाला येईल. येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या विहिरींचे घेर मोजून घ्यावेत, पावडरचा नमुना तपासायला पाठवावा आणि फळ्यावर पहिला आकडा लिहावा. टाकलेली पावडर त्या फळ्यावर लिहिली नाही तरी चालेल, उरलेला क्लोरीन मात्र रोज लिहिला गेला पाहिजे.